‘गो’चं ‘वेंट’ का होतं? इंग्रजी क्रियापदांची हजार वर्षांची गोष्ट

आजचा भाग एका व्हॉइस मेसेजमुळे झाला.

एका श्रोत्या ताईंनी तो पाठवला होता. वय पन्नाशीच्या जवळ, शिक्षण मराठी माध्यमात, नोकरी बरीच वर्षं एकाच ठिकाणी. एका मीटिंगमध्ये त्यांनी विचारलं, ‘डिड ही वेंट देअर?’ समोरची दोन तरुण मुलं एकमेकांकडे बघून हसली. बाकी काही नाही, नुसती हसली. त्या दिवसापासून ताई मीटिंगमध्ये इंग्रजी बोलत नाहीत. मेसेजच्या शेवटी त्यांनी विचारलंय, ‘या भाषेला काही नियम आहे की नाही? आम्ही नुसतं पाठ केलं. का, ते कुणी सांगितलंच नाही.’

ताई, नियम आहे. पण तो एका काळातला नाही. वेगवेगळ्या शतकांतले नियम एकमेकांवर थर बसावेत तसे बसलेत. आपण ज्याला ‘अनियमित’ म्हणून पाठ करतो, ती बहुतेक रूपं कधीकाळी अगदी नियमात बसणारी होती. नियम गेला, रूपं मागे राहिली. आज हे थर एकेक करून उचलून बघू या.

प्रकार ठरवले कुणी?

शाळेत आपण क्रियापदांचे प्रकार शिकलो. सकर्मक, अकर्मक, मुख्य, सहायक, नियमित, अनियमित. ही नावं भाषेबरोबर जन्माला येत नाहीत. ती कुणीतरी बसून ठेवलेली असतात.

इंग्रजीचं पहिलं छापील व्याकरण विल्यम बुलोकर यानं १५८६ साली काढलं. त्या काळी इंग्लंडमध्ये ‘व्याकरण’ म्हणजे लॅटिनचं व्याकरण. इंग्रजी ही बाजारात आणि घरात बोलायची भाषा, तिला कसले नियम, असाच समज होता. बुलोकरला दाखवायचं होतं की आमच्याही भाषेला शिस्त आहे. गंमत अशी की ते दाखवण्यासाठी त्यानं साचा घेतला तो लॅटिनचाच.

पुढे १७६२ मध्ये रॉबर्ट लाउथ या धर्मगुरूचं व्याकरण आलं आणि १७९५ मध्ये लिंडली मरे याचं. मरे मूळचा अमेरिकन वकील. इंग्लंडमध्ये यॉर्कजवळ राहायला आला आणि तिथल्या मुलींच्या एका शाळेसाठी त्यानं पुस्तक लिहिलं. ते इतकं खपलं की पुढची कित्येक दशकं इंग्रजी व्याकरण म्हटलं की मरेच. दोघांनीही क्रियापदांचे तीन प्रकार सांगितले: कर्तरी, कर्मणी आणि ज्यात क्रिया दुसऱ्यावर जात नाही ते तटस्थ. शिवाय नियमित आणि अनियमित अशी वाटणी होतीच. आपल्या वहीतले तक्ते असे तिथून चालत आलेत.

आपल्याकडे दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ साली निघालं. बुलोकरनंतर बरोबर अडीचशे वर्षांनी. आपली भाषा नियमांत मांडून दाखवायची गरज तेव्हा आपल्यालाही वाटत होती.

पण तक्ता करणारा माणूस आज समोर दिसतं त्याचे कप्पे करतो. ‘सँग’ एका कप्प्यात, ‘लव्हड्’ दुसऱ्या कप्प्यात. ते तिथे आले कसे, हे तक्त्यात नसतं. त्यासाठी हजार वर्षं मागे जायला हवं.

सबल आणि दुर्बल

दहाव्या शतकातलं इंग्लंड. तेव्हाची इंग्रजी आजच्या इंग्रज माणसालाही कळणार नाही. तिच्यात क्रियापदांचे दोन मोठे गट होते. पहिल्या गटात भूतकाळ करायचा म्हणजे शब्दाच्या पोटातला स्वर बदलायचा. सिंग, सँग, संग. ड्राइव्ह, ड्रोव्ह, ड्रिव्हन. दुसऱ्या गटात स्वराला हात लावायचा नाही, शेवटी ‘ड’ किंवा ‘त’ जोडायचा.

या गटांना नावं दिली याकोब ग्रिम यानं, १८१९ मध्ये. हो, परीकथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंपैकी थोरला. तो मोठा भाषाशास्त्रज्ञ होता. स्वर बदलून स्वतःच्या बळावर भूतकाळ करतात ती सबल क्रियापदं, आणि शेपटाचा आधार लागतो ती दुर्बल.

जुन्या इंग्रजीत सबल क्रियापदं तीनशेहून जास्त होती आणि त्यांचे सात वर्ग होते. म्हणजे आपण ज्याला आज अपवाद म्हणतो त्याचे तेव्हा सात व्यवस्थित नियम होते. ‘सिंग’चा भूतकाळ ज्याला येई त्याला ‘ड्रिंक’चा, ‘स्विम’चा, ‘बिगिन’चाही आपोआप येई. पाठ करायची गरजच नव्हती.

पोटातला स्वर बदलून अर्थ बदलायचा, ही युक्ती आपल्याला परकी नाही. मरणे आणि मारणे. पडणे आणि पाडणे. तरणे आणि तारणे. आपल्याकडे स्वर लांबला की अकर्मकाचं सकर्मक होतं. झाड पडलं, झाड पाडलं. इंग्रजीतही अशा जोड्या शिल्लक आहेत. ‘फॉल’ म्हणजे पडणं, आणि झाड पाडणं म्हणजे ‘फेल’. ‘सिट’ म्हणजे बसणं, ‘सेट’ म्हणजे बसवणं. ‘लाय’ म्हणजे आडवं होणं, ‘ले’ म्हणजे आडवं ठेवणं.

हा योगायोग नाही. संस्कृत आणि इंग्रजी एकाच प्राचीन भाषाकुळातल्या. ‘सिट’ आणि संस्कृतचा ‘सद्’ धातू हे सख्खे नातेवाईक. सदन, संसद हे शब्द त्या ‘सद्’चे. संस्कृतात ‘सद्’चं प्रयोजक रूप ‘सादयति’, म्हणजे बसवतो. इंग्रजीचं ‘सेट’ त्याच घडणीतलं. पुढच्या वेळी सिट आणि सेट यांत घोळ झाला तर पडणे-पाडणे आठवा.

शेपटाचा विजय

मग सबल क्रियापदं गेली कुठे?

१०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं आणि पुढच्या शतकांत फ्रेंच शब्दांचा पूर आला. बाहेरून आलेल्या क्रियापदाच्या पोटातला स्वर कसा बदलायचा, हे कुणाला ठाऊक असणार? सोपा मार्ग म्हणजे मागे ‘एड’ जोडून मोकळं व्हायचं. आलेली जवळजवळ सगळी क्रियापदं दुर्बल गटात गेली. ‘कॅच-कॉट’सारखी मोजकीच वेगळ्या वाटेनं गेली.

आपण काय करतो बघा. इंग्रजीतून ‘डिलीट’ आलं. आपण ‘डिलीटलं’ म्हणत नाही, ‘डिलीट केलं’ म्हणतो. पाहुण्या शब्दाच्या मागे ‘करणे’ उभं करायचं की काम झालं. आणि आता खरी मजा ऐका. बहुतेक अभ्यासकांचं मत असं की इंग्रजीचं ‘एड’ हे शेपूटसुद्धा मुळात ‘करणे’ या अर्थाच्या क्रियापदाचं, म्हणजे ‘डिड’च्या पूर्वजाचं, झिजलेलं रूप आहे. ‘लव्हड्’ म्हणजे मुळात ‘प्रेम केलं’. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी त्या लोकांनी तेच केलं जे आपण फोनवर बोलताना रोज करतो.

नवे शब्द सगळे एकाच गटात जायला लागले की जुन्या गटाचा धाक कमी होतो. ‘हेल्प’चा भूतकाळ एकेकाळी ‘होल्प’ होता आणि तिसरं रूप ‘होल्पन’. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये ‘होल्पन’ सापडतं. आज ते कुणी बोललं तर लोक हसतील. ‘क्लाइम’चं ‘क्लोम’ होतं, ते गेलं. ‘मेल्ट’चं तिसरं रूप ‘मोल्टन’ होतं, ते ज्वालामुखीच्या रसापुरतं उरलं. प्रत्येक वेळी घडलं ते असं, की कुणीतरी, बहुधा एखाद्या पोरानं, जुनं रूप न आठवून मागे ‘एड’ लावलं. आधी ती चूक होती. मग सगळेच तसं बोलू लागले आणि तेच बरोबर झालं.

आपल्या घरातली लहान मुलं ‘मी करलं’ म्हणतात ना? आपण हसून ‘केलं’ असं सुधारतो. इंग्रज आई ‘गोएड’ ऐकून असंच सुधारते. त्या पोराला नियम येत नाही असं नाही. नियम इतका पक्का येतो की अपवादाला तो जुमानत नाही.

मग काही रूपं का टिकली? २००७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एक अभ्यास आला. एरेझ लीबरमन, जाँ-बाप्तिस्त मिशेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या इंग्रजीतली १७७ अनियमित क्रियापदं घेतली आणि ती पुढे कशी बदलली ते मोजलं. मध्ययुगीन इंग्रजीपर्यंत त्यांतली १४५ अनियमित राहिली. आज ९८ उरलीत. कोणती उरली? रोज तोंडात असणारी. त्यांचं गणित असं की एखादं क्रियापद दुसऱ्यापेक्षा शंभरपट कमी वापरात असेल, तर ते दहापट वेगानं नियमित होतं.

बी, हॅव, डू, गो, से, सी, टेक, गेट. इंग्रजीतली सर्वांत जास्त वापरातली क्रियापदं बघा, सगळी अनियमित. मूल ‘वेंट’ दिवसातून इतक्या वेळा ऐकतं की ‘गोएड’ला रुजायला वेळच मिळत नाही. पायऱ्या वापरून झिजतात, पण शब्द वापरून टिकतात.

मराठीतही तेच. जाणे-गेला, येणे-आला, करणे-केला, मरणे-मेला. वाकडी रूपं कोणाची? रोजच्या क्रियापदांची. ‘कुरवाळणे’ किंवा ‘खरवडणे’ यांचा भूतकाळ कसा सरळ आहे.

उलटा प्रवासही कधीकधी होतो. ‘डिग’चा भूतकाळ पूर्वी ‘डिग्ड’ होता, आता ‘डग’. अमेरिकेत ‘डाइव्ह’चं ‘डोव्ह’ आणि ‘स्नीक’चं ‘स्नक’ झालं, तेही अलीकडच्या दोनेकशे वर्षांत.

ब्रिंग, ब्रँग, ब्रंग

इथे मला माझी एक गोष्ट सांगायची आहे. सहावीत असताना तीन रूपांच्या परीक्षेत मी लिहिलं होतं, ब्रिंग-ब्रँग-ब्रंग. सिंग-सँग-संग येत होतं, रिंग-रँग-रंग येत होतं, मग ब्रिंगचं दुसरं काय होणार? बाईंनी हातावर फूटपट्टी दिली आणि ‘ब्रिंग-ब्रॉट-ब्रॉट’ पन्नास वेळा लिहायला लावलं. छडीचं वाईट वाटलं नाही, तेव्हा ते रोजचंच होतं. वाईट याचं वाटलं की मी विचार करून लिहिलं होतं, आणि विचार केला म्हणून चुकलं. त्यानंतर कित्येक वर्षं मी इंग्रजीत विचार केला नाही, फक्त पाठ केलं.

पुढे खूप उशिरा कळलं की ‘ब्रंग’ हे रूप इंग्रजीच्या बोलींमध्ये खरोखर ऐकू येतं. इंग्रज पोरांनीही माझ्यासारखाच हिशेब केला होता.

मग प्रमाण रूप ‘ब्रॉट’ का? कारण ‘ब्रिंग’ दिसायला ‘सिंग’सारखं असलं तरी त्या घरातलं नाही. थिंक-थॉट, सीक-सॉट, टीच-टॉट, बाय-बॉट यांच्यासारखंच त्याच्याही शेवटी ‘त’ आहे. म्हणजे ही रूपं शेपूटवाल्यांची, दुर्बल गटातली. फक्त शेपूट इतक्या जुन्या काळी चिकटलं की आधीचे आवाज दबून गेले.

अनियमितांच्या यादीत असे बरेच छुपे दुर्बल आहेत. ‘कीप-केप्ट’ घ्या. जुन्या काळी ‘कीप’मधला स्वर लांब ‘ए’ होता, साधारण ‘केऽप’ असा. भूतकाळात मागे ‘त’ लागल्यावर दोन व्यंजनं जवळ आली आणि स्वर आखूड झाला: ‘केप्ट’. तोवर नातं उघड दिसत होतं. मग साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीतले लांब स्वर आपल्या जागेवरून सरकले. लांब ‘ए’चा ‘ई’ झाला. ‘केऽप’चं ‘कीप’ झालं. आखूड स्वर मात्र होता तिथेच राहिला. म्हणून आज ‘ई’ आणि ‘ए’ अशी विचित्र जोडी दिसते. मीट-मेट, फील-फेल्ट यांची गोष्ट अशीच.

आणि ‘पुट-पुट-पुट’, ‘कट-कट-कट’, ‘सेट-सेट-सेट’? तिथे शब्दाच्या शेवटी आधीच ‘ट’ आहे, त्यात शेपटाचा ‘त’ विरघळून गेला. बदल झालाच नाही असं वाटतं, पण शेपूट आत गिळलेलं आहे.

म्हणजे आपण एका यादीत जे कोंबतो, ती निदान तीन वेगळी घराणी आहेत: स्वर बदलणारे जुने सबल, स्वर आखूड झालेले दुर्बल आणि शेपूट गिळलेले दुर्बल. हे घराण्यांनुसार शिकवलं असतं, तर माझी एक फूटपट्टी नक्की वाचली असती.

उसनं ‘वेंट’ आणि तीन धातूंचं ‘बी’

आता ताईंच्या ‘वेंट’कडे. ‘गो’ आणि ‘वेंट’ यांत एकही आवाज सारखा नाही, कारण ‘वेंट’ हे ‘गो’चं रूपच नाही. ‘वेंड’ नावाचं वेगळं क्रियापद होतं, वळणं किंवा वाट धरणं अशा अर्थाचं. सेंड-सेंट तसं वेंड-वेंट. ‘गो’चा स्वतःचा भूतकाळ वेगळाच होता, तो पडला बाजूला, आणि साधारण पंधराव्या शतकापासून ‘वेंट’ त्या जागी पक्का बसला.

विचित्र वाटतं? मग ‘जातो’ आणि ‘गेला’ शेजारी ठेवून बघा. ‘जाणे’ आलं संस्कृत ‘याति’वरून आणि ‘गेला’ आलं ‘गत’वरून. दोन वेगळे धातू, एकच संसार. मराठी शिकणारा परदेशी माणूस आपल्याला विचारतो, ‘जाला’ का नाही? आपल्याला आजवर प्रश्नसुद्धा पडलेला नसतो.

‘बी’ तर तीन धातूंचा एकत्र कुटुंबाचा वाडा आहे. ‘ॲम’ आणि ‘इज’ ज्या मुळाचे, त्याच मुळाचा संस्कृत ‘अस्’, म्हणजे ‘अस्ति’. ‘बी’चं मूळ आणि संस्कृत ‘भू’ एक. त्या ‘भू’वरूनच, ‘भवति’ झिजत झिजत, आपलं ‘होणे’ आलं. आणि ‘वॉज’चं मूळ आणि संस्कृत ‘वस्’ एक. वसणे, वस्ती, निवास यांतला ‘वस्’. म्हणजे ‘ही वॉज’ म्हणताना मुळात ‘तो वसला होता’ असं काहीसं आहे. ज्या शब्दांना आपण परके म्हणून घाबरतो, ते दूरच्या भावकीतले निघतात.

‘कॅन’ला ‘एस’ का लागत नाही?

शाळेत सांगतात, ‘ही सिंग्ज’ला एस लावा, ‘ही कॅन’ला लावू नका, कारण ते मोडल ऑक्झिलरी आहे. हे कारण नव्हे, हे नुसतं नाव झालं.

खरं कारण असं. कॅन, मे, शॅल ही मुळात भूतकाळी घडणीची रूपं आहेत, जी अर्थानं वर्तमानात आली. हे कसं होतं? आपण म्हणतो, ‘मला भूक लागली.’ लागली हे भूतकाळी रूप, पण भूक आत्ता आहे. ‘आलोच!’ म्हणतो तेव्हा माणूस अजून घरातून निघालेलाही नसतो. ‘कॅन’चा जुना अर्थ ठाऊक असणं. मुळात ‘शिकून झालंय’, म्हणून आता ‘ठाऊक आहे’, आणि त्यावरून पुढे ‘करता येतं’. संस्कृतातलं ‘वेद’ हे रूपही असंच, घडण भूतकाळाची आणि अर्थ ‘तो जाणतो’.

आता सबल क्रियापदाच्या भूतकाळाला तृतीयपुरुषी एस लागतो का? ‘ही सँग’, ‘सँग्ज’ नाही. मग ‘ही कॅन’लाही नाही. फार फार पूर्वी जे भूतकाळी रूप होतं, त्यानं आपली सवय अजून सोडलेली नाही. ‘मस्ट’ आणि ‘ऑट’ ही त्यानंतर पुन्हा एकदा तशीच भूतकाळातून वर्तमानात आलेली. ‘विल’चा जुना अर्थ इच्छिणं. ते मूळचं या घरचं नव्हतं, पण संगतीनं यांच्यातलंच झालं.

‘कुड’च्या स्पेलिंगमधला ‘एल’ तर निव्वळ देखादेखी आहे. ‘वुड’ आणि ‘शुड’मध्ये तो ‘विल’ आणि ‘शॅल’मधून आलेला. ‘कुड’मध्ये तो कधीच नव्हता. शेजाऱ्यांकडे आहे म्हणून यानंही लावून घेतला.

‘डिड’नं भार उचलला

आणि शेवटी ताईंचं वाक्य. ‘डिड ही वेंट देअर?’

पूर्वीच्या इंग्रजीत प्रश्न विचारायला ‘डू’ लागतच नसे. क्रियापद उचलून पुढे ठेवलं की प्रश्न झाला: ‘वेंट ही देअर?’ नकारासाठी ‘आय नो नॉट’. जर्मनमध्ये आजही अशीच पद्धत आहे. साधारण पंधराव्या-सोळाव्या शतकात इंग्रजीत ‘डू’ हळूहळू मदतनीस म्हणून शिरलं. शेक्सपिअरच्या नाटकांत दोन्ही पद्धती शेजारी शेजारी दिसतात. सतराव्या शतकाच्या अखेरीस प्रश्न आणि नकार यांत ‘डू’ बहुतेक पक्कं झालं. हे का घडलं, यावर अभ्यासकांत अजून वाद चालू आहेत.

पण कसं घडलं, ते स्पष्ट आहे. ‘डिड’ म्हणजे ‘केलं’. ‘डिड गो’ म्हणजे ‘जाणं केलं’. भूतकाळाचा भार ‘डिड’नं उचलला, मागे उरलं ते नुसतं ‘जाणं’. आपण ‘डिलीट केलं’ म्हणतो तेव्हा ‘डिलीट’चा भूतकाळ करतो का? तो भार ‘केलं’वर असतो. अगदी तसंच.

मराठी माणसाची इथे गडबड होते, कारण आपला प्रश्न असतो, ‘तो तिथे गेला का?’ आपलं मुख्य क्रियापदच भूतकाळ सांभाळतं आणि ‘का’ला काळ नसतो. ताईंच्या मनात ‘गेला’ होतं म्हणून तोंडात ‘वेंट’ आलं. ती चूक होती, हे मी नाकारत नाही. आजच्या इंग्रजीत ते चूकच आहे आणि मीटिंगमध्ये बरोबर बोलता येणं गरजेचं आहे. पण ती अडाणीपणाची चूक नव्हती. एका भाषेचा नियम इमानानं पाळताना दुसऱ्या भाषेत झालेली ती चूक होती.

तर ताई, तुम्हाला एवढंच सांगते. तीन रूपांची यादी पुन्हा काढा, पण ए-टू-झेड पाठ करू नका. घराणी लावा. सिंग, ड्रिंक, स्विम, बिगिन एका पानावर. ड्राइव्ह, राइट, राइड, राइज दुसऱ्या पानावर. स्पीक, ब्रेक, स्टील तिसऱ्यावर. नो, ग्रो, ब्लो, थ्रो चौथ्यावर. कीप, मीट, फील पाचव्यावर. आणि ‘डिड’ आला की मागच्या क्रियापदाच्या डोक्यावरचं ओझं उतरवून ठेवा.

आणि ती हसणारी मुलं? ती दिवसातून दहा वेळा ‘हेल्प्ड’ म्हणत असतील. चारशे वर्षांपूर्वीच्या लंडनमध्ये एखाद्या म्हाताऱ्या पंतोजीनं त्यावर नाक मुरडलं असतं. पुढच्या मीटिंगला बोला.

आजच्यापुरतं इतकंच. तुमच्या वहीतली एखादी ‘चूक’ अजून खुपत असेल तर कळवा, तिचंही मूळ शोधू. भेटू या पुढच्या भागात.